काकाजींचा समुद्र

वरची खोली भाड्याने देण्याआधी काकाजींनी माझं सामान तपासलं होतं. गॅसची नळी वाकवून पाहिली, गादी चार ठिकाणी दाबली, इस्त्रीची वायर नखाने खरवडली आणि मग खिशातून निळा खडू काढून माझ्या टेबलफॅनवर फुली मारली. "रिजेक्ट. अर्थिंग नाई याले." मी भद्रावतीत नवीन होते, दोन दिवसांत शाळेत रुजू व्हायचं होतं आणि आणखी खोल्या पाहत हिंडायचं त्राण अंगात नव्हतं. मी मान डोलावली. पंखा भंगारात गेला आणि मी पाच वर्षं त्या घरात राहिले.

काकाजी इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते. नेमकं काय तपासत होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की आवाज खाली आणून "सिक्रेट हाये" म्हणायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "डबे मोजत होते." निवृत्त झाल्यावर फॅक्टरीने शाल, नारळ आणि घड्याळ देऊन त्यांना वाटेला लावलं, पण तपासणी त्यांच्यासोबत घरी आली. हातगाडीवरची वांगी ते एकेक करून उन्हात धरत. भाजीवाली वैतागून म्हणायची, "काकाजी, भाजी करायची हाये का पोरगी पाहायची हाये?" नव्या नळावर फुली, लग्नपत्रिकेतल्या चुकांवर फुल्या, एकदा तर शेजाऱ्याच्या नुकत्याच बांधलेल्या कंपाउंडवर फुली. त्या भिंतीवरून दोन घरांचं बोलणं वर्षभर बंद होतं. माणसांवर तेवढी ते खडूने मारत नसत, तोंडाने मारत.

समुद्राची गोष्ट दातांपासून सुरू झाली. नागपूरला कवळी बसवायला गेले होते. दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायला दोन तास लागले आणि ते दोन तास काकाजी बाहेरच्या खोलीत एका काचेच्या पेटीसमोर बसले. आत खारं पाणी, पाण्यात पोवळी लागलेले दगड आणि दगडांच्या कपारींतून ये-जा करणारे रंगीत मासे. परत आले ते तोंडात दात आणि डोक्यात समुद्र घेऊन. काकू म्हणाल्या, "दातावरच थांबले असते तं बरं झालं असतं."

आमच्या भागात मासोळीचं अप्रूप कोणाला नाही. दर गावाला तलाव, तलावात मासोळी, आणि आठवडी बाजारात तिची रास. नेमकं म्हणूनच काकाजींना ती नको होती. "तलावातली मासोळी कोणीबी पाळते, म्याडम. आपल्याले समुद्र पाह्यजे." खरा समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, मुंबईला, आणि तोही ओहोटीच्या वेळी. तो त्यांनी रिजेक्ट केला होता.

दिवाळी झाली आणि हॉलमध्ये चार फुटी पेटी आली. दिवाण व्हरांड्यात गेला, काकूंची शिलाई मशीन माझ्या जिन्याखाली गेली. मग नागपूरहून खास मिठाच्या गोण्या आल्या. शेजारणीने विचारलं, "काकाजी, लोणचं घालून राह्यले का?" काकाजींनी तिला गाळणी लावलेलं पाणी, मोजून घातलेलं मीठ आणि खारेपणा पाहायची एक छोटी दुर्बीण दाखवली. तिने दुर्बिणीतून पाहिलं, काहीच कळलं नाही, आणि ती काळजीच्या चेहऱ्याने घरी गेली. मग दगड आले. ते जिवंत आहेत असं काकाजींनी जाहीर केल्यावर गल्लीतल्या लोकांनी दगड पाहायला रांग लावली. आमच्याकडे करमणूक कमी आहे.

पुढचे सहा आठवडे त्या पेटीत एकही मासा नव्हता. पाणी, दगड आणि पंपाची घरघर. हे मात्र काकाजींचं बरोबर होतं, हे मी कबूल करते. नव्या पाण्यात मासा सोडला तर तो आपल्याच घाणीने मरतो. ती घाण पचवणारे जंतू आधी दगडांत वसावे लागतात, आणि ते त्यांच्या सवडीने वसतात. काकाजी याला 'पाणी पिकणं' म्हणत. रोज सकाळी नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग पाहायचा, आणि मान हलवायची.

"मासोळ्या कुठी हायेत जी?" लोक विचारायचे.

"यायच्या हायेत. पाणी पिकून राह्यलं."

"आंबा पिकते, सीताफळ पिकते. पाणी कधी पिकते?"

"तुमाले नाई समजणार. सायन्स हाये."

लोकांनी डोक्याजवळ बोट फिरवून एकमेकांना खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना पाहायला घेऊन आले.

पहिला मासा संक्रांतीच्या सुमारास आला. नारंगी, अंगावर पांढरे पट्टे, लांबीला माझ्या अंगठ्याएवढा. नागपूरहून एसटीने, थर्माकोलच्या डब्यात, काकाजींच्या मांडीवर. पण तो थेट समुद्रात गेला नाही. मागच्या खोलीत खिडकीजवळ एक लहान पेटी ठेवली होती, तिचं नाव क्वारंटीन. नव्या माशाने बेचाळीस दिवस तिथे काढायचे, म्हणजे त्याच्या अंगावर रोग असेल तर तिथेच कळेल, मोठ्या पेटीत पसरणार नाही. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. आणि त्या लहान पेटीतही एकदम टाकायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीतलं पाणी आणि पेटीतलं पाणी यांचा खारेपणा सारखा नसतो, एकदम बदल झाला तर मासा धक्क्याने मरतो. म्हणून काकाजींनी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली आणि पेटीतलं पाणी थेंब थेंब करून चार तास माशाच्या भांड्यात सोडलं.

खिडकी मागच्या गल्लीकडे होती. सलाईन लोंबताना दिसल्यावर तासाभरात दोन बायका सफरचंदं घेऊन आल्या. "कोण आजारी हाये, काकू?"

"आजारी आमचे हे हायेत," काकू म्हणाल्या, "पण सलाईन मासोळीले लावली."

काकाजींना राग येत नव्हता. त्या दिवशी ते फार मृदू झाले होते. मला जिन्यातच थांबवून त्यांनी नियम सांगितले. आधी पाणी, मग मासोळी. एका वेळी एकच. गरीब स्वभावाची आधी, भांडखोर मागून. पहिल्या दिवशी उजेड नाही, खाणं नाही, टक लावून पाहणं नाही. "नवीन जीवाले घराची सवय होऊ द्या लागते, म्याडम. तो घाबरलेला राह्यते." इतक्या हळुवारपणे मी त्यांना काकूंशी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

पेटीवर पाटी लागली, 'पाण्यात हात घालू नये'. कारण एका पाहुण्याने देवळाच्या तलावात टाकतात तसे मूठभर मुरमुरे टाकले होते. काकाजींनी ते चिमट्याने एकेक करून काढले आणि त्या पाहुण्याला चहा न देता वाटेला लावलं.

मार्चमध्ये त्यांच्या मुलाने लग्न केलं. चंद्रपूरला, नोंदणी पद्धतीने, कोणालाही न सांगता. मुलगा कोळशाच्या खाणीत सुरुंग लावणाऱ्या टोळीत होता. खाणीत डोंगर उडवायचा, घरात मात्र बापासमोर खोकायचीही त्याची हिंमत नव्हती. गळ्यातल्या हारासकट तो दारात उभा राहिला, शेजारी प्रणाली. ती चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. काळीसावळी, ताठ मानेची, बोलायला नेमकी.

काकाजींनी तिला एकच प्रश्न विचारला. "वडील काय करतात?"

"तलावावर जाळं टाकते," प्रणाली म्हणाली. "आमी ढीवर. कुरखेड्याकडचे."

मी जिन्यातून हे सगळं पाहत होते. काकाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. हॉलमध्ये मासोळ्यांसाठी सिंहासन मांडून बसलेल्या माणसाच्या घरी मासोळ्या धरणाऱ्याची लेक सून म्हणून आली होती. दुसरा कोणी असता तर नशिबाला हसून मोकळा झाला असता. काकाजींनी संध्याकाळी गल्लीत सांगितलं, "व्याही फिशरीजमध्ये हायेत." त्यांनी ते अशा सुरात सांगितलं की लोकांना वाटावं माणूस साहेब आहे आणि त्याला गाडी आहे.

आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी घरात हुकूम काढला. नवीन जीव घरात आला की बेचाळीस दिवस वेगळा ठेवायचा. प्रणालीने मागच्या खोलीत राहायचं. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवघरात जायचं नाही, पाहुणे आले तर हॉलमध्ये यायचं नाही. ताट मागच्या खोलीतच मिळेल. "राग मानू नको पोरी. सायन्स हाये. घराले तुही सवय होऊ दे, तुले घराची."

मी हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण मी खरंच हसले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते साभिनय सांगितलं आणि सगळ्यांना हसवलं. आमचे काकाजी, सुनेला क्वारंटीन केलंय त्यांनी! मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. वेगळी खोली, वेगळं ताट, देवघर बंद. याला आपल्याकडे फार जुनं नाव आहे आणि ते नाव सायन्स नाही, हे माझ्या डोक्यात यायला पंधरा दिवस लागले. शिकलेली बाई मी, मुलांना गणित शिकवते.

बेचाळीस दिवसांत प्रणाली एकदा माहेरी जाऊन आली. काकाजींनी मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असा नियम होता. मग तिला सर्दी झाली, पुन्हा एकपासून. मुलगा म्हणायचा, "बाबाचा स्वभाव तुमाले माईत हाये ना, म्याडम." मला माहीत होता, आणि त्याचाही कळत चालला होता.

त्याच काळात नागपूरहून एक पिवळाधमक मासा आला. प्रणालीनंतर आठवड्याने. तो मागच्या खोलीतच, तिच्या पलंगाशेजारच्या लहान पेटीत राहिला. दवाखान्यातून आली की ती त्याचं पाणी बदलायची, त्याला खायला घालायची. बेचाळीसाव्या दिवशी काकाजींनी त्याला हॉलमधल्या मोठ्या पेटीत सोडला आणि गल्लीत पेढे वाटले. मागच्या खोलीत पेढा काकूच घेऊन गेल्या. प्रणाली तिथेच राहिली.

त्या दिवशी मी खाली जाऊन तिच्याजवळ बसले. म्हटलं, "तू हे का सहन करतेस?"

"मासोळीले बाहेर काय हाये माईत नसते, म्याडम. मले माईत हाये. मी कधीबी जाऊ शकतो." तिकडच्या बायका 'मी जातो, येतो' म्हणतात, तशी ती बोलत होती. "पण माह्या बाबानं अजून हे घर नाई पाह्यलं. ते म्हणते, बोलावल्याशिवाय व्याह्याच्या दारी पाय नाई ठेवणार. एकदा चारचौघांत त्याईले व्याही म्हणून बोलावलं, बसाले पाट देला, का झालं. तेवढ्यासाठी बसून हाये मी इथी."

बोलावणं कधी येणार नाही हे मला दिसत होतं. तिला दिसत नसेल असं मला वाटत नाही.

मेच्या शेवटी काकाजींनी समुद्राचं उद्घाटन ठरवलं. मोठ्या पेटीत मासे फेब्रुवारीपासून पोहत होते, पण उद्घाटन झालं नव्हतं. फॅक्टरीतले जुने सहकारी, नातेवाईक, वरोऱ्याची थोरली बहीण, सगळ्यांना आमंत्रण गेलं. जेवायला वडाभात आणि जिलेबी. बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये भाषणासाठी माइक आणला. प्रणालीला सांगितलं, त्या दिवशी ड्यूटी घे. ती हो म्हणाली आणि तिने सुट्टी घेतली. कारण मुलाने लग्नानंतर पहिल्यांदा बापाला न विचारता एक फोन केला होता, कुरखेड्याकडे, सासऱ्याला, घरचं बोलावणं म्हणून.

आदल्या दिवशी काकाजी नागपूरहून पाच मासे घेऊन आले. पाच, एकदम. अर्धा तास पिशव्या पाण्यावर तरंगवल्या आणि सगळे मोठ्या पेटीत सोडून दिले. मी म्हटलं, "काकाजी, एका वेळी एक ना? आणि क्वारंटीन?"

"आजच्यापुरतं, म्याडम. लोक पाहाले येऊन राह्यले. पेटी भरलेली दिसली पाह्यजे." म्हणजे नियमाला सूट होती, फक्त ती कोणाला द्यायची हे ठरलेलं होतं.

रविवारी सकाळी अकराला हॉल भरला. दोन कूलर, रंगीत फोकस, माइकचा डबा, सगळं पेटीच्या पंपांच्याच इन्व्हर्टरवर जोडलं होतं, म्हणजे कार्यक्रमात खंड नको. काकाजींचं भाषण सुरू झालं. पाणी कसं पिकलं, मासे कसे सोडले, धीर कसा धरला. "नवीन जीवाले जपा लागते," ते माइकवर म्हणाले आणि मला मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहवेना.

तेवढ्यात लाइट गेली. आमच्या जिल्ह्यातल्या कोळशावर दूरदूरच्या शहरांत झगमगाट होतो आणि आम्ही मेच्या दुपारी पुठ्ठ्याने वारा घेतो. इन्व्हर्टरने दोन कूलर आणि फोकस पंधरा मिनिटं ओढले, चिरक्या आवाजात रडला आणि गार पडला. पेटीतले पंप थांबले. पाण्यात हवा मिसळणारं काहीच उरलं नाही, त्यात ते ऊन आणि पेटीत गरजेपेक्षा जास्त मासे. दहा मिनिटांत मासे एकेक करून वर आले आणि पाण्याबाहेर तोंड काढून श्वास ओढू लागले.

सेलवर चालणारा एक छोटा पंप काकाजींनी अशाच वेळेसाठी आणून ठेवला होता. त्याचे सेल त्यांनी सकाळीच बिनवायरच्या माइकमध्ये घातले होते. ते काढून पाहिले तर भाषणात संपले होते. काकाजी पेटीभोवती नुसते फिरू लागले. हातात खडूही नव्हता. मला त्यांची कीव आली हे खरं आहे. त्या माशांवर त्यांचा जीव होता.

दारात एक माणूस उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, स्वच्छ शर्ट-पँट, खांद्यावर दुपट्टा, काखेत अ‍ॅल्युमिनियमची हंडी. तीन गाड्या बदलून आला होता. हंडीत व्याह्यासाठी आणलेल्या जिवंत मासोळ्या होत्या, आणि हंडीच्या तोंडातून आत गेलेला त्याचा उजवा हात अजून चालूच होता. तळहाताने पाणी थापटत राहायचं, थांबायचं नाही. हंडीतलं पाणी निवांत झालं की मासोळी गुदमरते. मासोळीचं बीज एका तलावातून दुसऱ्या तलावात नेताना हे लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच नेतात, पूर्वी पायी, मग सायकलवर, आता एसटीत. कुरखेड्यापासून भद्रावतीपर्यंत तो माणूस पाणी थापटत आला होता.

त्याने पेटीकडे पाहिलं. "दम लागला त्यायले," म्हणाला. हंडी शेजारी बसलेल्या पोक्त माणसाच्या हाताशी सरकवली, "थापटत राहा जी," आणि बाही सारून कोपरापर्यंत हात समुद्रात घातला.

"अरे, हात...!" काकाजी ओरडले आणि मध्येच थांबले.

मागच्या खोलीचं दार उघडलं. प्रणाली हॉलमध्ये आली, सगळ्यांच्या देखत, अडीच महिन्यांत पहिल्यांदा. तिने बापाकडे पाहिलं, पदर खोचला आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. बाप थापटत होता, लेक गंजाने, म्हणजे लहान पातेल्याने, पाणी उचलून उंचावरून सोडत होती. थोड्या वेळाने पिवळा मासा खाली गेला. मग नारंगी. पाहुणे खुर्च्या सोडून भोवती जमले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भाषणाला एकही टाळी पडली नव्हती.

वरोऱ्याच्या बहिणीला कमी ऐकू यायचं. तिने मोठ्याने विचारलं, "हे कोण हायेत रे?"

सगळे काकाजींकडे पाहू लागले. त्यांनी ओठ ओले केले. "माणसं बोलावली," ते म्हणाले. "फिशरीजची. कामाले."

बापाचा हात चालूच राहिला. प्रणालीने गंज खाली ठेवला. हात पदराला पुसला.

"बाबा, हात काढा."

"जीव हाये वं त्यायले," बाप हळूच म्हणाला.

"हाये. तुमालेबी हाये. काढा."

त्याने लेकीकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं आणि हात काढला. पाणी निवांत झालं. ती काकाजींच्या समोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "काकाजी, माह्या बाबाले इथी जेवाले बोलावलं का कामाले, तेवढं सांगा. कामाले बोलावलं असन, तं आमचं काम झालं. आमी निघतो."

हंडी थापटणाऱ्या त्या पोक्त माणसाचा चपचप आवाज तेवढा येत होता. नारंगी मासा वर आला. मग निळा. मग पिवळा, ज्याचं पाणी तिने बेचाळीस दिवस बदललं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली, तिलाही ते सोपं नव्हतं. काकाजी एकदा पेटीकडे पाहत, एकदा नातेवाइकांकडे. मुलगा कूलरला टेकून उभा होता. मला वाटलं हा आता बोलेल. त्याने बंद कूलरचं बटण दाबून पाहिलं.

एक मासा कुशीवर कलला.

"सून हाये," काकाजी म्हणाले. "माही सून हाये. हे व्याही."

"काय म्हणते?" बहिणीने विचारलं.

"जोरात बोला," प्रणाली म्हणाली. "आत्याबाईले ऐकू नाई आलं."

काकाजी ओरडले. आयुष्यात वांगी, नळ, भिंती, माणसं नाकारलेला तो माणूस भर दुपारी, गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "माही सून हाये! अन् हे माहे व्याही! जेवाले बोलावले!" आणि मग रडवेल्या आवाजात, "आता तं हात घाल वं पोरी."

तिने हात घातला. बापाने तिच्याआधीच घातला होता.

तीनच्या सुमारास लाइट आली. पाचातला एक नवा मासा गेला, बाकी सगळे वाचले. काकूंनी कोणाला न विचारता हॉलच्या मधोमध पाट मांडला, गडव्यातून पाणी आणलं आणि म्हणाल्या, "पाय धुवा, भाऊ." तो माणूस संकोचाने अर्धवट जेवला. काकाजींनी स्वतः जिलेबी वाढली. पाहुण्यांना आता समुद्रापेक्षा व्याह्यांत जास्त रस होता. त्यांचा थापटायचा हात कसा असतो ते जो तो विचारत होता.

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा प्रणाली बॅग भरत होती. मला खरोखर धक्का बसला. "अगं, आता का? आता तर त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं!"

"मासोळीसाठी केलं, म्याडम," ती म्हणाली. "मासोळी मरत नसती तं मी अजूनबी कामाचीच बाई असतो. मले जे पाह्यजे होतं ते झालं, बाबा पाटावर बसले. राहाले नाई जमणार." ती बापाबरोबर शेवटच्या बसने चंद्रपूरला गेली, दवाखान्याजवळ खोली घेतली. नवरा आठ दिवसांनी तिच्यामागे गेला. आठ दिवस तो कशाचा विचार करत होता कोण जाणे.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. परवा एका कामासाठी भद्रावतीला गेले होते, तर त्या घरी डोकावले. काकाजी हॉलमध्ये कोणा दोन पाहुण्यांना समुद्र दाखवत होते. पेटी आता सहा फुटी आहे. केस सगळे पांढरे झालेत, आवाज तोच आहे.

"मासोळीचं ज्ञान आमच्या घराण्यात पिढीजात हाये," ते सांगत होते. "आमचे व्याही, आमची सून, सगळे त्याच लाइनमधले. रक्तातच राह्यते ते. माही सून नर्स हाये, पण मासोळीच्या बाबतीत डॉक्टरच म्हणा. काई झालं का मी फोन करतो, तिकडून ती सांगते काय करायचं ते."

पाहुणे माना डोलावत होते. ते गेल्यावर मी विचारलं, "प्रणाली येते का इकडे?"

काकाजी काच पुसायला लागले. एक डाग ते बराच वेळ पुसत होते, मला तिथे डाग दिसत नव्हता.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "ती नाई येत," त्या म्हणाल्या. "मी जाते दर इतवारी. नातू झाला ना तिले, सव्वा वर्षाचा हाये." त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "ह्याईले अजून नाई बोलावलं तिनं."